निर्वासितांचे धोरण आणि मदतीचा पैसा : विदर्भातील तीन वसाहतींवरून काही प्रश्न

महाराजबाग (धागाकर्ता)

२०२५च्या जानेवारीत अमेरिकेने आपली बहुतेक परदेशी मदत रोखली, मार्चमध्ये यूएसएड या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचे जाहीर केले आणि १ जुलैपासून ती संस्थाच गुंडाळली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित उच्चायुक्तालयाला मिळणाऱ्या पैशापैकी सुमारे ४० टक्के पैसा एकट्या अमेरिकेकडून येत असे. त्या कार्यालयाने जूनमध्ये सुमारे ३,५०० पदे कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. ब्रिटननेही राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्के असलेली परदेशी मदत २०२७पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले आहे. आपल्याकडे या बातम्या आतल्या पानांवर परदेशी घडामोडी म्हणून छापल्या जातात आणि तशाच वाचल्या जातात. मला त्या विदर्भात बसून वाचाव्याशा वाटतात, कारण परागंदा माणसांना आसरा देण्याचे आपल्या सरकारचे तीन निरनिराळे प्रयोग नागपुरात, किंवा नागपुराहून एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर, अजून नांदत आहेत.

पहिला जरीपटक्याचा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेला हा भाग आज शहराच्या व्यापाराचा मोठा आधार आहे. दुसरा गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतला, जिथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६०च्या दशकात, म्हणजे तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात असताना, जंगल तोडून जमिनी देण्यात आल्या. तिसरा गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत, जी १९७२मध्ये उभी राहिली. हिवाळ्यात नागपुरात लोकरीचे कपडे विकायला बसणारी तिबेटी मंडळी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

या तिन्ही ठिकाणच्या लोकांना एकाच देशाने आश्रय दिला. तरीही पहिल्यांना नागरिकत्व आणि मालमत्तेचा मोबदला मिळाला, दुसऱ्यांना नागरिकत्व आणि अटींची जमीन मिळाली, आणि तिसऱ्यांना दर काही वर्षांनी नूतनीकरण करावे लागणारे परदेशी नागरिकाचे नोंदणी प्रमाणपत्र मिळाले. यांतील प्रत्येक निर्णय त्या त्या वेळच्या परिस्थितीत घेतला गेला आणि प्रत्येकामागे काही कारण होते, हे मान्य आहे. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर किंवा १९६७च्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. १ सप्टेंबर २०२५पासून अमलात आलेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २०००चे चार जुने कायदे रद्द केले, पण निर्वासित म्हणजे कोण, याची व्याख्या त्यातही केलेली नाही.

माझे म्हणणे असे आहे की आपल्या सरकारने आसरा आणि पैसा या दोन्ही बाबतींत कंजूषपणा केलेला नाही. मात्र दोन्ही गोष्टी प्रत्येक गटासाठी वेगळ्या आदेशाने दिल्या आणि म्हणून घेणाऱ्याला त्यावर कधीच हक्क सांगता आला नाही. जगातील मदत आटत असताना ही पद्धत पुढे चालेल का, यावर सभासदांनी लिहावे. कृपया पक्षीय राजकारण टाळावे.

त्रिमूर्तीनगर

लेख संयत आहे, परंतु त्याच्या मुळाशी असलेले गृहीतक मला मान्य नाही. कायदा असला की हक्क मिळतो, असे आपण समजता. ज्यांनी १९५१च्या करारावर सह्या केल्या त्यांचे काय झाले ते पाहू. अमेरिकेने (तिने १९६७चा पूरक करार स्वीकारला आहे) निर्वासितांच्या प्रवेशाची वार्षिक मर्यादा सव्वा लाखावरून २०२६च्या आर्थिक वर्षासाठी ७,५०० केली. ब्रिटनने आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याची योजना आखली आणि सरकार बदलल्यावर २०२४मध्ये ती सोडून दिली. ऑस्ट्रेलिया अशा लोकांना नौरू बेटावर ठेवत आला आहे. युरोपीय संघाने २०१६मध्ये तुर्कस्तानशी करार करून ६ अब्ज युरो देऊ केले, आणि त्या व्यवहाराचा उद्देश लोकांना ग्रीसच्या किनाऱ्यापासून दूर ठेवणे हाच होता. हे सर्व देश निर्वासितांच्या हक्कांची भाषा उत्तम बोलतात.

भारताने सही केली नाही, आणि १९७१मध्ये सुमारे १ कोटी माणसे आत घेतली. त्या वेळी सीमेवर कोणी कागद मागितले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि श्रीलंका यांपैकीही कोणी त्या करारावर सही केलेली नाही. ज्या देशाच्या सीमा इतक्या लांब आणि शेजारी इतके अस्थिर आहेत त्याने आपले हात बांधून घेऊ नयेत. गटागटाने निर्णय घेण्यात लवचिकता आहे, आणि त्या लवचिकतेचा फायदा आजवर निर्वासितांनाच अधिक झाला आहे. आपण उल्लेखिलेल्या तीन वसाहतींपैकी एकही वसाहत कुठल्या कायद्याने हाकलली गेली नाही.

काळा कोट

मी येथील खंडपीठात वकिली करतो आणि परदेशी नागरिकांविषयीची काही प्रकरणे हाताळली आहेत, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु तीन वसाहतींमधील फरक केवळ सरकारच्या मर्जीतून आलेला नाही. तो राज्यघटनेतच दिसतो. फाळणीमुळे विस्थापित झालेल्यांना मदत आणि त्यांचे पुनर्वसन हा विषय समवर्ती सूचीत २७व्या क्रमांकावर आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदा करू शकतात. नागरिकत्व, परदेशी नागरिक आणि त्यांचा देशात प्रवेश हे विषय मात्र केंद्राच्या सूचीत आहेत. जरीपटका आणि मुलचेरा पहिल्या कप्प्यात बसतात, गोठणगाव दुसऱ्यात.

पहिल्या कप्प्यातही भेद झाला. १९५४चा विस्थापितांना मोबदला देण्याचा कायदा पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांसाठी होता. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून, इकडून गेलेल्यांच्या मालमत्तेच्या साठ्यातून मोबदला द्यावा, अशी त्याची रचना होती. पूर्व बंगालच्या निर्वासितांना तो लागू झाला नाही, कारण दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांना संरक्षण देण्याच्या १९५०च्या नेहरू-लियाकत करारानंतर दिल्लीत अशी अपेक्षा धरली गेली की हे लोक परत जातील आणि त्यांची तिकडची मालमत्ता त्यांचीच राहील. ते परत गेले नाहीत, उलट येतच राहिले. पुढे १९५८मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला, रायपूरजवळच्या माना छावणीतून लोक कोरापुट आणि बस्तरकडे पाठवले गेले, आणि आपल्याकडील वसाहतीही त्याच काळातल्या. म्हणजे मुलचेऱ्याच्या शेतकऱ्याला जो मोबदला मिळाला नाही त्यामागे कोणाची दुष्ट बुद्धी नव्हती. दिल्लीतला एक अंदाज चुकला आणि नंतर तो कोणी दुरुस्त केला नाही.

आता हक्कांविषयी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश या १९९६च्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम २१चे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे आणि त्याच्या जिवाचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. मात्र ८ एप्रिल २०२१च्या आदेशात, जम्मूतील रोहिंग्यांच्या बाबतीत, त्याच न्यायालयाने असे म्हटले की देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क हा देशात कोठेही राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे आणि तो केवळ नागरिकांचा आहे. विहित पद्धत पाळून परत पाठवता येईल. हे दोन निर्णय शेजारी ठेवले की निर्वासिताची भारतातील कायदेशीर स्थिती समजते. तो येथे आहे तोवर त्याच्या जिवाला संरक्षण आहे, पण तो येथे किती काळ असेल हे सरकार ठरवते. २९ डिसेंबर २०११ची जी कार्यपद्धती गृह मंत्रालयाने ठरवून दिली तिच्यात छळाची भीती पटल्यास दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो. ती उपयोगी आहे, पण तो प्रशासकीय आदेश आहे. उद्या बदलता येतो.

त्रिमूर्तीनगर साहेबांना एवढेच सांगेन की लवचिकता दोन्हीकडे वळते. श्रीलंकेतील तमिळ आणि तिबेटी यांचा कारभार सरकार स्वतः पाहते, तर अफगाण आणि म्यानमारच्या लोकांची नोंद उच्चायुक्तालयाचे दिल्लीतील कार्यालय करते, आणि त्या कार्यालयाच्या ओळखपत्राला देशाच्या कायद्यात कोणताही दर्जा नाही.

उत्तर नागपूर

मी जरीपटक्याचा. माझे आजोबा सिंधमधून आले, मी मराठी शाळेत शिकलो. मूळ लेखात आमच्या वसाहतीचे वर्णन वाचून समाधान वाटले, परंतु ते अपुरे आहे. १९४७ नंतर आलेले स्थिरावले हे खरे असले तरी सिंधमधून येणे तेव्हा थांबले नाही. नंतरच्या दशकांत, विशेषतः बाबरी मशिदीच्या घटनेनंतर आणि पुढेही, नातेवाइकांच्या आधाराने कुटुंबे येत राहिली आणि त्यांतील बरीच कुटुंबे आजही दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आहेत. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले तेव्हा या लोकांना वगळण्यात आले होते, तरीसुद्धा ते स्पष्ट होईपर्यंत आमच्या भागात कोणाला झोप नव्हती.

डिसेंबर २०१६मध्ये केंद्राने ७ राज्यांतील १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले आणि त्यात नागपूरचे नाव होते. त्याचा खरा उपयोग झाला. त्यानंतर २०१९चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला, ज्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी, म्हणजे सव्वाचार वर्षांनी, निघाले. त्यात ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्यांना ११ऐवजी ५ वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. जो जानेवारी २०१५मध्ये वाघा ओलांडून आला तो त्याच गावचा, त्याच कारणाने आलेला, कदाचित त्याच कुटुंबातला असतो, आणि त्याला जुनी लांब वाट धरावी लागते. व्हिसावर असलेल्या माणसाला घर, बँक, मुलांचे महाविद्यालय, दुसऱ्या जिल्ह्यातील लग्न या प्रत्येक वेळी परवानगी किंवा खुलासा लागतो. तारीख ठरवावी लागते हे मला समजते. पण ती तारीख ज्यांच्या आयुष्यावर पडते त्यांना ती का निवडली हे कोणी सांगत नाही.

या कायद्याच्या धर्माच्या निकषावर येथे वाद नको, धागा भरकटेल. मी फक्त वाट पाहणाऱ्यांविषयी बोलतो आहे.

अनघा सीताबर्डी

एक साधा प्रश्न. मूळ लेखाच्या शीर्षकात पैशाचा उल्लेख आहे, पण आतापर्यंत चर्चा कागदपत्रांवरच झाली. भारत सरकार परदेशांना नेमकी किती मदत देते, त्यातली निर्वासितांसाठी किती, आणि देशातल्या निर्वासितांवर किती खर्च होतो, हे कोणी समजावून सांगेल का?

जुना लेखापाल

अनघाताई, आयुष्यभर सरकारी हिशेबात गेले, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला आला असे समजतो.

परराष्ट्र मंत्रालयाच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पीय अंदाजात मदतीचा सर्वांत मोठा वाटा भूतानला, २,१५० कोटी रुपये, आहे. नेपाळ ७००, मालदीव ६००, मॉरिशस ५००, म्यानमार ३५०, श्रीलंका ३००, बांगलादेश १२० आणि अफगाणिस्तान १०० कोटी. हा पैसा जलविद्युत, रस्ते, रुग्णालये, शिष्यवृत्त्या अशा कामांचा आहे. निर्वासितांसाठी म्हणून त्यात वेगळा भाग दाखवलेला नसतो. निर्वासितांसाठी स्पष्टपणे दिलेली रक्कम पॅलेस्टिनी निर्वासितांच्या संयुक्त राष्ट्र संस्थेला जाते. २०१८मध्ये आपण ती साडेबारा लाख डॉलरवरून ५० लाख डॉलरवर नेली आणि गाझातील युद्ध सुरू झाल्यानंतरही ती चालू ठेवली. त्याच सुमारास अमेरिकेने त्या संस्थेची मदत बंद केली होती, हे लक्षात घेतल्यास ही रक्कम लहान असली तरी तिचे राजकीय वजन कळते.

दुसरा नमुना म्यानमारचा. २०१७मध्ये रोहिंग्या मोठ्या संख्येने बांगलादेशात गेले तेव्हा भारताने बांगलादेशला मदतसामग्री पाठवली आणि राखाईन प्रांताच्या विकासासाठी पाच वर्षांत २.५ कोटी डॉलर देण्याचा करार म्यानमारशी केला. त्यातून बांधलेली २५० घरे २०१९मध्ये म्यानमारच्या सरकारकडे सोपवली गेली. उद्देश असा की गेलेले लोक परत येऊ शकतील. देशात आलेल्या रोहिंग्यांना मात्र सरकार बेकायदा स्थलांतरित मानते. अफगाणिस्तानच्या बाबतीतही हेच: तालिबानची सत्ता आल्यावर ५० हजार टन गहू देण्याची घोषणा झाली, आणि व्हिसाचे दार फारच थोड्यांसाठी उघडले. सरकारचे सूत्र असे दिसते की माणूस जिथे आहे तिथे मदत पाठवावी, तो इथे आला तर मात्र तो गृह मंत्रालयाचा विषय. मला हे सूत्र पूर्णपणे चुकीचे वाटत नाही. परत जाण्याजोगे घर असणे ही निर्वासिताचीही पहिली इच्छा असते. पण २०२१च्या लष्करी बंडानंतर राखाईनमध्ये जी लढाई चालू आहे ती पाहता त्या २५० घरांचा उपयोग कितपत झाला असेल, याचा अंदाज कोणीही करावा.

देशातला खर्च आणखी विखुरलेला आहे. तिबेटी मदत समितीला केंद्राने २०१५-१६पासून पाच वर्षांसाठी ४० कोटी, म्हणजे वर्षाला ८ कोटी, मंजूर केले आणि पुढील पाच वर्षांसाठी तेवढीच रक्कम वाढवून दिली. देशभरातील सर्व तिबेटी वसाहतींच्या प्रशासकीय खर्चासाठी ही रक्कम आहे, त्यात गोठणगावच्या वाट्याला किती येत असेल ते सांगण्याची गरज नाही. तमिळनाडूतील छावण्यांमध्ये मासिक मदत दिली जाते आणि तिची भरपाई केंद्र करते. शिवाय शिधावाटप, शाळा, दवाखाने यांचा खर्च राज्यांच्या नेहमीच्या खात्यांत मिसळून जातो.

आता एका गंमतीच्या गोष्टीकडे येतो (लेखापालाला गंमत वाटते, इतरांना वाटेलच असे नाही). श्रीमंत देशांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे, आपल्या देशात आलेल्या निर्वासितावर पहिल्या बारा महिन्यांत केलेला खर्च हा परदेशी मदत म्हणून दाखवता येतो. ब्रिटनने २०२३मध्ये असा ४.३ अब्ज पौंडांचा खर्च दाखवला, जो त्यांच्या एकूण मदतीच्या सुमारे २८ टक्के होता. त्यात लंडन-बर्मिंगहॅमच्या हॉटेलांची बिले मोठी होती. म्हणजे कागदावर आफ्रिका-आशियासाठी असलेला पैसा इंग्लंडमध्येच खर्च झाला, आणि तरीही ती मदतच गणली गेली. याउलट भारताने १९५९पासून तिबेट्यांसाठी, १९८३पासून श्रीलंकेच्या तमिळांसाठी जो खर्च केला त्यातला एक रुपयाही आपण जगासमोर मदत म्हणून मांडत नाही. जगातील ७३ टक्के निर्वासित आणि आंतरराष्ट्रीय संरक्षणाची गरज असलेले लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असे उच्चायुक्तालयाची २०२४अखेरची आकडेवारी सांगते. या देशांचा यजमानखर्च कुठल्याच खात्यात जमा होत नाही. आपण दाता म्हणून जे बोलतो त्यापेक्षा यजमान म्हणून आपली बाजू कितीतरी भक्कम आहे, आणि ती मांडायला आधी आपल्याजवळ हिशेब हवा.

१९७१मध्ये तो हिशेब लोकांसमोर होता. त्या वर्षाच्या अखेरीस रेल्वेच्या भाड्यावर, विमानाच्या तिकिटावर आणि टपालावर कर बसला. ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का मारलेले ५ पैशांचे तिकीट १५ नोव्हेंबर १९७१पासून लावावे लागे आणि ते मार्च १९७३पर्यंत चालले. परदेशांतून आलेली मदत खर्चाच्या मानाने अपुरी होती आणि उरलेले आपण पाच-पाच पैशांनी भरले. तो कर कशासाठी आहे हे पत्र टाकणाऱ्या प्रत्येकाला कळत होते.

त्रिमूर्तीनगर

लेखापाल साहेबांचा प्रतिसाद संग्रही ठेवावा असा आहे. यजमानखर्चाचा हिशेब मांडावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तो मांडायला निर्वासितांचा कायदा लागत नाही. मात्र त्यांच्या माहितीतूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. परदेशी पैशावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचे काय होते ते बांगलादेशात दिसले. कॉक्स बाजारच्या छावण्यांत दहा लाखांहून अधिक रोहिंग्या आहेत आणि त्यांचा शिधा जागतिक अन्न कार्यक्रमाच्या देणग्यांवर चालतो. २०२३मध्ये माणशी महिन्याला १२ डॉलरचा शिधा आधी १० आणि मग ८ डॉलरवर आला. मार्च २०२५मध्ये तो ६ डॉलरवर आणण्याची सूचना दिली गेली आणि ऐन वेळी पैसा आल्याने ती टळली. युगांडाने तर २००६च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याचा आणि फिरण्याचा हक्क दिला, राहायला-कसायला जमिनीचे तुकडे दिले, सगळ्या जगाने कौतुक केले, आणि शिध्याचा पैसा मात्र दात्यांनी कमी केला. कायदा उत्तम, ताट रिकामे. भारताने बाहेरच्या पैशाची अपेक्षा न ठेवता जे केले ते टिकले.

वैनगंगाकाठ

टिकले हे खरे. कसे टिकले तेही पाहावे.

माझे माहेर चामोर्शी तालुक्यात. आमच्या शेजारची बंगाली गावे मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्या लोकांनी भाताची शेती, मासे आणि भाजीपाला यांत जे कष्ट केले त्याचा फायदा साऱ्या परिसराला झाला, आणि आठवडी बाजारात बंगाली, मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच वेळी कानावर येते. ते मतदार आहेत, सरपंच आहेत, त्यांना परत पाठवण्याचा प्रश्न कोणी काढत नाही. तरी दोन गोष्टी दोन पिढ्या उलटल्या तरी सुटलेल्या नाहीत. पुनर्वसनात मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी अटींवरची, राहिल्याने ती विकताना, वाटणी करताना किंवा तारण ठेवताना परवानगीचा फेरा येतो. आणि नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत असताना महाराष्ट्राच्या यादीत नाही, त्यामुळे त्याच घराण्याच्या इथे वसवलेल्या शाखेला त्या सवलती नाहीत. सरकारने त्यांना स्वतःच्या निर्णयाने इथे आणून वसवले, त्यांनी महाराष्ट्र निवडला नव्हता.

जमीन ज्या जंगलातून काढून दिली गेली ते जंगल गोंड आणि माडिया लोकांच्या वापरातले होते, हेही कोणीतरी लिहायला हवे. दिल्लीत एका गटाला न्याय देताना गडचिरोलीत दुसऱ्या गटाला विचारले गेले नाही. मदतीचा पैसा जेव्हा केवळ निर्वासितांच्या गावाला रस्ता आणि विहीर देतो आणि शेजारच्या पाड्याला देत नाही, तेव्हा पुढची पन्नास वर्षे कुरबूर चालते. आता आंतरराष्ट्रीय संस्था यजमान गावांनाही निधीचा काही भाग देण्याची भाषा करतात, तेव्हा आम्हांला त्यात नवे काही वाटत नाही, उशीर मात्र वाटतो.

महाराजबाग (धागाकर्ता)

प्रतिसाद माझ्या अपेक्षेपेक्षा नेमके आले. त्रिमूर्तीनगर साहेबांच्या एका म्हणण्याशी मी सहमत आहे: दात्यांच्या भरवशावरचा हक्क पोकळ असतो. पण त्यांनी युगांडाचे उदाहरण अर्धेच वाचले असे वाटते. तिथे शिधा कमी झाला तेव्हा निर्वासिताला निदान कामावर जाता येत होते. कॉक्स बाजारमध्ये शिधा कमी झाला तर त्याला तेही नाही, कारण त्याला छावणीबाहेर काम करण्याची परवानगी नाही. पैसा आटण्याच्या काळात काम करण्याची मुभा हीच सर्वांत स्वस्त मदत आहे, सरकारलाही आणि दात्यालाही. गोठणगावची माणसे हिवाळ्यात नागपुरात येऊन व्यवसाय करू शकतात म्हणून वर्षाला ८ कोटींत देशभरच्या वसाहतींची यंत्रणा चालते. दिल्लीतल्या अफगाण कुटुंबाला ती मुभा कागदावर नसल्याने ते उच्चायुक्तालयाच्या निर्वाहभत्त्याकडे डोळे लावून बसते, आणि तो भत्ता आता आटतो आहे. माझा आग्रह १९५१च्या करारावर सही करण्याचा नाही. शशी थरूर यांनी २०२२च्या फेब्रुवारीत आश्रयाविषयीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. असा लहानसा देशी कायदा, ज्यात अर्ज कोणाकडे करायचा, निर्णय किती दिवसांत द्यायचा, तोवर काम करता येईल की नाही आणि नकारावर अपील कोठे, एवढेच असेल, तो केंद्राचे हात बांधत नाही. सीमेवर कोणाला घ्यायचे हा अधिकार तरीही सरकारचाच राहील.

राज्यांचाही प्रश्न आहे. म्यानमारमधील बंडानंतर मिझोरामने तिथल्या चिन जमातीच्या लोकांना आश्रय दिला, तेव्हा गृह मंत्रालयाने मार्च २०२१मध्ये कळवले की निर्वासित दर्जा देण्याचा अधिकार राज्यांना नाही. तरी मिझोरामने आपल्या बळावर आणि चर्चच्या मदतीने त्यांना सांभाळले. तमिळनाडूने २०२१मध्ये श्रीलंकेच्या तमिळांसाठी ३१७ कोटींची योजना जाहीर केली, ज्यात ७,४६९ घरे होती. महाराष्ट्राच्या हातात असे काय आहे, हे काळा कोट यांनी सांगावे. डिसेंबरमध्ये अधिवेशन नागपुरातच भरते, तेव्हा एखाद्या आमदारांकडून प्रश्न विचारता येईल का?

काळा कोट

येईल, पण प्रश्न कसा लिहायचा यावर उत्तर अवलंबून आहे. तिबेट्यांच्या नोंदणी प्रमाणपत्राविषयी विचाराल तर गृह खाते दोन ओळींत हा केंद्राचा विषय असल्याचे सांगून मोकळे होईल. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी हा जन्माने नागरिक आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितले आहे. गोठणगावात त्या मुदतीत जन्मलेल्यांना त्याचा लाभ घेता येतो, त्यासाठी विधानसभेची गरज नाही. बऱ्याच जणांना तो घ्यायचा नसतो आणि त्यांचे कारण राजकीय आहे, ते आपण मान्य करावे.

जमिनीचे तसे नाही. केंद्राच्या २०१४च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात राज्यांनी वसाहतींच्या जमिनीचा २० वर्षांचा भाडेपट्टा तिबेटी मदत समितीशी करावा आणि शिधा, रोजगार हमी, घरकुल यांसारख्या योजना वसाहतींपर्यंत न्याव्यात, असे सांगितलेले आहे. अंमलबजावणी राज्याकडे आहे. म्हणून प्रश्न महसूलमंत्र्यांना विचारावा आणि तो तीन भागांचा असावा: गोठणगावचा भाडेपट्टा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, २०१४च्या धोरणातील कोणत्या योजना तेथे प्रत्यक्ष लागू आहेत, आणि चामोर्शी-मुलचेऱ्यातील पुनर्वसनाच्या जमिनी वर्ग दोनमधून वर्ग एकमध्ये, म्हणजे बिनअटीच्या मालकीत, रूपांतरित करण्याचे किती अर्ज प्रलंबित आहेत. जरीपटक्यातील पट्टे आणि मालकी हक्क यांचाही चौथा भाग जोडता येईल, परंतु तो वेगळा ठेवल्यास बरे, कारण शहरातल्या जमिनीचा विषय आला की बाकीच्या तिन्हींकडे कोणी पाहणार नाही.

वैनगंगाकाठ ताईंनी गावांची नावे आणि गट क्रमांक मिळवून दिल्यास मसुदा मी करून देतो. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, त्यामुळे दिवाळीपूर्वी काम व्हावे.